गळ उलटा, स्पष्टीकरण असमाधानकारक

गेल्या शनिवारी मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत मी भाजलेल्या कणसाला लिंबू चोळत असताना, ज्यांच्याशी माझी ओळख केवळ नमस्कारापुरती आहे अशा एका गृहस्थांनी मला अत्यंत आपुलकीने विचारले, "मग काय, पूलमध्ये काही लागलं का?" त्यांच्यामागच्या मंडळींनी ज्या घाईने माना फिरवल्या, त्यावरून माझ्या लक्षात आले की, पोहण्याच्या तलावात मासे धरणारा इसम म्हणून माझी कीर्ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॅरिसबर्ग परिसरातल्या प्रत्येक मराठी घरात पोचलेली आहे. मी तिथे मासे धरत नव्हतो. मी फ्लाय तपासत होतो. कणीस गार होईपर्यंत मी त्या गृहस्थांना हा फरक समजावून सांगितला आणि त्यांनी तो शांतपणे ऐकूनही घेतला. मग म्हणाले, "ते बरोबर आहे हो, पण समजा लागला असता तर?"

स्मॉलमाउथ बास हा आमच्या सस्क्वेहाना नदीतला तपकिरी-पितळी रंगाचा, दांडगा आणि कमालीचा चिकित्सक मासा आहे. गळाभोवती केस आणि पिसे दोऱ्याने आवळून त्याच्यासाठी जी खोटी मासोळी तयार करतात, तिला फ्लाय म्हणतात. दुकानात ती तयार मिळते, परंतु तिच्यावर मासा लागला तर श्रेय दुकानदाराचे, आणि आयुष्यात इतरांना द्यावे लागणारे श्रेय मी कचेरीत रोज देतच असतो. शिवाय मी राहतो तो मुलूख या विद्येचे माहेरघर आहे. इथून जवळच्या मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ साली याच नदीतल्या याच माशासाठी एक फ्लाय बांधली आणि ती पुढे जगभर गेली. तिची युक्ती अशी की, डंबेलच्या आकाराचे जड डोळे गळाच्या दांडीवर वरच्या बाजूने बांधायचे. त्या वजनाने फ्लाय पाण्यात उलटी होते, गळाचे टोक वर राहते आणि तळच्या खडकांत सहसा अडकत नाही. दोरी ओढली की ती पुढे झेपावते आणि थांबलो की नाकावर बुडी मारते. जखमी मासोळी अगदी अशीच बुडते आणि बासचा संयम सुटतो तो याच क्षणी. हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुबका जरा जाड झाला की ती बुडी गेली, आणि डोळे केसभर तिरके बसले की फ्लाय कुशीवर पडून पोहते. नदीच्या गढूळ पाण्यात यातले काहीही दिसत नाही. त्यासाठी नितळ, स्थिर आणि निळ्या तळाचे पाणी लागते. आमच्या इमारतीच्या आवारात ते आहे आणि त्याचा खर्च माझ्या भाड्यातून वसूल होतो.

म्हणून सकाळी, पूलवर चिटपाखरू नसताना, गळाचे टोक पक्कडीने कापून टाकून, मी काठावर उभा राहून हिरव्या-पांढऱ्या केसांची एक फ्लाय पाण्यातून ओढून पाहत होतो. काचेची भांडी, पाळीव प्राणी आणि धावणे यांना मनाई करणारा फलक मी आधी दोनदा वाचला होता. फ्लायविषयी त्यात अवाक्षर नाही.

"काय करून राहिले जी तुम्ही?"

मागे पांढरी टोपी, पांढरे बूट आणि स्वेटर अशा वेषातले एक काका उभे होते. वरच्या मजल्यावर मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले हे काका मूळचे भंडाऱ्याचे आणि सहकार खात्यातून निवृत्त झालेले लेखापरीक्षक. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात घालवलेली. भंडारा-गोंदियाकडे जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. संस्था ते ठेक्याने घेतात, त्यात रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज, म्हणजे बारीक पिल्ले, सोडतात आणि वर्षाअखेरीस मासा कमी भरला की उरलेला मेला असे म्हणून रजिस्टरात 'मरतूक' दाखवतात. त्या मरतुकीवर काकांनी हयात काढली होती. मासा मात्र त्यांनी कधी हातात धरला नव्हता, आणि जन्मात खाल्लाही नव्हता. मत्स्यव्यवसायाकडे इतक्या निर्विकारपणे पाहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"फ्लाय तपासतो आहे, काका."

"बरं. ह्या टाक्यात बीज कोणतं सोडलं आहे?"

"यात मासे नाहीत. हा पोहण्याचा तलाव आहे."

"मंग गळ काहून टाकला?"

मी गळ वर उचलून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बारकाईने न्याहाळला आणि थंड स्वरात म्हणाले, "टोक नाही याला." सुरक्षिततेसाठी ते मीच कापले आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. पुराव्यात फेरफार झाल्याचे ऐकून अधिकारी जशी हलवतात तशी. नंतर त्यांनी मला फ्लाय पुन्हा पाण्यात सोडायला लावली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून पाहिले. "गळ उलटा आहे," ते म्हणाले. तो उलटाच असायला हवा, त्यातच सगळी कला आहे, असे म्हणून मी डोळ्यांचे वजन, तळचे खडक आणि क्लाउझरसाहेब असा सगळा इतिहास त्यांना सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकला आणि हवेत पेन धरल्यासारखी बोटे करून म्हणाले, "गळ उलटा. स्पष्टीकरण असमाधानकारक."

मग केसांचा विषय निघाला. हरणाच्या शेपटीचे आहेत म्हटल्यावर ते दोन पावले मागे सरकले आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा माझ्यापुढे उभा राहिला. इथे हरणे उदंड आहेत, रीतसर परवाने काढून शिकार होते, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी तर हरणांच्या मोसमासाठी अनेक शाळांना सुट्टी असते, असे मी सांगितले. "शाळेला?" असे उद्गारून ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. माझ्या बाजूने पडलेला हा एकमेव मुद्दा, पण मला तो लांबवता आला नाही, कारण त्यांचा पुढचा प्रश्न वार्षिक उत्पादनाचा होता.

हॅरिसबर्गच्या वरच्या-खालच्या पट्ट्यात पकडलेला बास लगेच नदीत सोडावा लागतो, तसा नियमच आहे, हे सांगताना मला प्रथमच थोडे ओशाळल्यासारखे झाले. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी फ्लाय बांधताना गळ पकडून ठेवणारा वाइस, दोरा, पिसे, गळ, काठी आणि लायसन्स या सगळ्यांच्या किमती एकेक करून विचारल्या. उत्पन्न शून्य, सबब प्रतिकिलो खर्च काढता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी तोंडी नोंदवला. मी चिडून म्हणालो की, हा मासा मुळात या नदीतला नाहीच, एकोणिसाव्या शतकात तो बाहेरून आणून सोडलेला आहे. याचा या वादाशी काय संबंध होता ते मला आजही सांगता येणार नाही, परंतु काकांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे बीज सोडलं होतं न! आणि मरतूक?"

इथे थट्टा करण्याची माझी इच्छा संपली, कारण मरतूक खरोखरच झाली होती. २००५ पासून पुढे काही वर्षे या नदीतली स्मॉलमाउथची कोवळी पिल्ले अंगावर व्रण घेऊन मोठ्या संख्येने मेली, आणि संशोधकांना नरांच्या शरीरात अंड्यांच्या पेशी आढळल्या. रोगजंतू, तापलेले उथळ पाणी, शेतांतून आणि सांडपाण्यातून येणारी रसायने अशी कारणांची यादी लांबत गेली. दोषी म्हणून एकाकडे बोट दाखवता येईल असे काही हाती लागले नाही. मी हे सांगितले तेव्हा काका प्रथमच काही बोलले नाहीत. आमच्या इमारतीच्या कार्यालयाने मात्र दोन दिवसांनी मला पत्र पाठवले की, प्राण्यांचे केस पाण्यात सोडून मी तलावाच्या स्वच्छतेस बाधा आणली आहे. ज्या नदीत निम्म्या राज्याचे पाणी, शेणखतासकट, उतरते तिच्याविषयी एवढी तत्परता कोणी दाखवल्याचे मला आठवत नाही. हिरव्या केसांच्या एका झुबक्याची नोंद मात्र तारीखवार झाली.

कार्यालयाला कोणी कळवले हे मी विचारले नाही. मंडळात कोणी पसरवले हे विचारण्याची गरजच नव्हती, कारण सहलीतल्या गृहस्थांनी निरोप घेताना माझ्या फ्लायला 'क' वर्ग मिळाल्याबद्दल सहानुभूती व्यक्त केली. सहकारी संस्थांना लेखापरीक्षणात अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. 'क' म्हणजे संस्था जिवंत आहे, पण तिच्याकडून फार अपेक्षा नाहीत. खरे सांगायचे तर, त्या सकाळी माझी फ्लाय सरळ पोहत होती आणि तिची बुडी निर्दोष होती. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण ते पाहायला दुसरा साक्षीदार नव्हता, आणि जो होता त्याला गळ उलटा दिसत होता.

परवा लिफ्टमध्ये काकांचा मुलगा भेटला. बाबांना इथे मुळीच करमत नव्हते, पण तुमच्याशी ओळख झाल्यापासून त्यांची तब्येत सुधारली आहे आणि मुक्काम सहा महिन्यांनी वाढवून मिळावा म्हणून त्यांनी अर्जही केला आहे, असे तो कृतज्ञतेने म्हणाला. काका स्वतः त्याच्या मागेच उभे होते. नदीवर येऊन साठ्याची प्रत्यक्ष तपासणी करण्याचे त्यांनी ठरवले आहे. लायसन्स पकडणाऱ्याला लागते, बाजूला उभे राहून पाहणाऱ्याला लागत नाही, याची त्यांनी राज्याच्या संकेतस्थळावर वाचून खात्री करून घेतली आहे.