हे नुसतं जुन्याचं वेड नाही

कॅमेऱ्याच्या जुन्या मॅन्युअल फोकस लेन्स (ज्यांचा फोकस हातानं जुळवावा लागतो) म्हणजे नुसतं जुन्याचं वेड, असं एका लेखात म्हटलंय. मला नाही पटत. हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स अॅडॉप्टरनं (जोडणीच्या कडीनं) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला लावा, एफ/२ वर (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून) झाडासमोर कुणाला तरी उभं करा. मागची पानं गोल फिरल्यासारखी येतात. फार देखणं दिसतं ते!

आणि सोबतीचं काय? आमच्या नागपुरात अंबाझरी तलावावर सकाळी जमलो की लेन्स या हातातून त्या हातात जातात. एका मित्राच्या जुन्या ताकुमार लेन्सची काच पिवळी पडली होती (त्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, त्यानं ती हळूहळू पिवळी पडते). दुसऱ्यानं ती गच्चीवर उन्हात ठेवून, रोज राखण करून बरीच स्वच्छ करून दिली. अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो. "भाऊ, डोळ्यावर फोकस घ्या," असं शेजारून सांगणारी माणसंही मला याच छंदानं दिली.