जादा तास जरूर घ्या, पण त्यासाठी पोरांचं नाटक काढून घेऊ नका

दुपारपासून डोकं तापलंय. भाचीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर सूचना आली. पहिल्या चाचणीत दोन किंवा जास्त विषयांत नापास झालेल्या आठवी-नववीच्या मुलांना यंदा नाटक, खेळांचे संघ, विज्ञान मंडळ, कशातही भाग घेता येणार नाही. त्या वेळात त्यांचे जादा तास होतील. आणि खाली अंगठ्यांची रांग! 'योग्य निर्णय.' 'आधी अभ्यास, मग बाकीचं.' एकाही पालकाला विचारावंसं वाटलं नाही की बाबांनो, हे नेमकं कोणाकडून काय काढून घेताय?

भाची पास आहे, तिचं काही गेलं नाही. पण तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं आज संघाची जर्सी परत केली. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. सरांच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता वर्गात येऊन बसली. भाचीनं हे मला फोनवर सांगितलं, आणि तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

माझा धाकटा भाऊ आठवीत होता तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं. जोडाक्षर आलं की अडखळायचा. रफार तर त्याचा शत्रूच. लिहिलेला एका अक्षरावर आणि म्हणायचा त्याच्या आधी, हे त्याच्या डोक्यात बसतच नसे. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असायचा. डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हा आमच्या घरात कोणी ऐकलेला नव्हता. 'लक्ष नाही', 'आळशी आहे', 'ढ आहे', एवढी तीनच निदानं होती आणि ती करायला कोणीही पुढे यायचं.

त्याला मराठीच्या बाईंनी गॅदरिंगच्या नाटकात घेतलं. काम करायला नाही, दिव्यांवर. विंगेत एका स्टुलावर संहिता ठेवलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा. 'आई आत जाते' हे वाक्य आलं की डावीकडचा दिवा हळूहळू उतरवायचा. दारावर थाप पडली की मधला एकदम लावायचा. म्हणजे रंगमंचावर जे बोललं जातंय ते त्याला ओळीवर बोट ठेवून बरोबरीनं वाचत राहावं लागायचं. चुकला तर सगळं नाटक अंधारात. बाई सुरुवातीला त्याच्या शेजारी बसायच्या. बोलायच्या काही नाहीत, तो हरवला की फक्त पेन्सिलीचं टोक पुढच्या ओळीवर टेकवायच्या. रोज तीच पानं, तीच वाक्यं, कानावर बरोबर उच्चार पडतोय आणि डोळ्यांसमोर अक्षर आहे. प्रयोगाच्या दिवशी बाई समोर प्रेक्षकांत बसल्या होत्या आणि विंगेत तो एकटा होता.

फार पुढे एका विशेष शिक्षिकेशी बोलताना कळलं की वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी ही अगदी मान्य पद्धत आहे. तोच उतारा पुन्हा पुन्हा, नीट वाचणाऱ्याच्या साथीनं वाचायचा. त्यातली पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत एस. जे सॅम्युएल्स नावाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये मांडली. आमच्या बाईंनी ते नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांना पोरगा दिसत होता.

आता सांगा. आजचा हा नियम तेव्हा असता तर संघातून, नाटकातून, सगळ्यातून पहिलं नाव कोणाचं कापलं गेलं असतं? त्याचंच. त्याला कोंडून त्याच पुस्तकाचा तोच धडा त्याच पद्धतीनं पुन्हा शिकवला असता, जो पहिल्यांदाही कळला नव्हता. आणि आपण ह्याला मदत म्हणतो!

गणितात तो त्या वर्षीही नापास झाला, तेही लिहिते. नाटक केलं आणि पोरगं पहिलं आलं, असलं काही मी सांगत नाहीये. आणि हो, दिवसभर मैदानावर पडीक असणारी, वही न उघडणारी मुलं असतात, मान्य. त्यांच्या घरी बोला, सरावाचा एखादा दिवस कमी करा. सगळ्यांना एकाच काठीनं हाकायचं कारण काय?

मला चीड ह्याची येते की जो मुलगा वर्गात दिवसभर ऐकतो की तुला येत नाही, त्याला जिथं येतं ती एकच जागा आपण शिक्षा म्हणून हिसकावून घेतो. हुशार मुलाला नाटकही मिळतं, संघही मिळतो, वक्तृत्वाची ढालही मिळते. ज्याला शाळेत यायला एखादं कारण हवंय, त्याचंच कारण काढून घ्यायचं. आणि मग आपणच पालकसभेत विचारायचं, मूल शाळेत यायला का कंटाळतं?

जादा तासांना माझा विरोध नाही. उलट आणखी द्या, पण नीट द्या. शाळा सुटल्यावर दमलेल्या चाळीस मुलांना एका वर्गात दोन तास बसवणं म्हणजे पाट्या टाकणं झालं. सलग घोकण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून केलेलं जास्त टिकतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. अजून आपल्या वेळापत्रकात ते उतरलेलं नाही. परिपाठानंतरची वीस मिनिटं, चार-पाच मुलांचा गट, कोण नेमकं कुठं अडलंय ते आधी बघून. अपूर्णांक कच्चे असलेल्या पोराला बीजगणिताची आणखी दहा उदाहरणं घालून काय उपयोग? आणि वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवू शकतात. त्यात शिकवणाऱ्याचंही पक्कं होतं, हे ज्यानं कधी धाकट्या भावंडाला शिकवलंय त्याला माहीत आहे.

'इतकी माणसं आणायची कुठून?' हा प्रश्न येणारच. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, ते खरंय. म्हणूनच तर म्हणते, आजूबाजूची माणसं शाळेत येऊ द्या. आपण समाजाला शाळेत कधी बोलावतो? वर्गणीला. झेंडावंदनाला. प्रमुख पाहुणे म्हणून हार घालून घ्यायला. एरवी फाटकाबाहेर उभं करतो.

भावाच्या त्या नाटकाचे दिवे कोणी लावले माहितीये? वर्गातल्या एका मुलाचे वडील वायरमन होते. कामावरून सुटले की तसेच शाळेत यायचे. दिवा मंद करायचा डिमर कसा फिरवायचा, दिव्यावर रंगीत जिलेटीनचा कागद कसा लावायचा, गरम दिव्याला हात का लावायचा नाही, सगळं त्यांनी दाखवलं. एका बोर्डावर किती वॅटचे दिवे चालतील ते त्यांनी स्वतः सांगितलं नाही, माझ्या भावाला बेरीज करायला लावली. चुकला. पुन्हा करायला लावली. गणितात सतत नापास होणारा मुलगा कागदावर बेरजा मांडत बसलेला मी पाहिलाय, कारण बेरीज चुकली तर फ्यूज उडणार होता. ते काका स्वतः फार शिकलेले नव्हते. पालकसभेत ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे, बसायचेसुद्धा नाहीत. त्या नाटकानंतर पुढे येऊन बसायला लागले.

हे आठवलं की राग जरा निवतो.

अशी माणसं प्रत्येक शाळेच्या आसपास आहेत. निवृत्त कारकून आहेत, शिवणकाम जाणणाऱ्या आहेत, हिशेब येणारे आहेत, सुंदर मोठ्यानं वाचणाऱ्या आज्या आहेत. बाहेरचा माणूस मुलांमध्ये येणार म्हणजे चौकशी करूनच, आणि शिक्षक समोर असतानाच, त्यात तडजोड नको. पण तेवढं केलं की दार उघडा.

उलट बाजूनंही तेच. मुलांना गावात न्यायचं तर फोटोपुरतं झाड लावायला नेऊ नका. जिथं त्यांची खरंच गरज आहे तिथं न्या. ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं अशा आजोबांना पेपर वाचून दाखवायला अडखळत वाचणारं पोर पाठवा. आजोबांना घाई नसते, आणि ते कोणाला मार्कही देत नाहीत.

भाचीची मैत्रीण इंग्रजी आणि विज्ञानात नापास आहे. संघात ती पहाटे सगळ्यांच्या आधी येते, धाकट्या मुलींना उड्या मारायला शिकवते, कोण आलं कोण नाही ते वहीत लिहून ठेवते. जबाबदारी, नियमितपणा, नोंदी ठेवणं. हेच तर आपण मुलांनी शिकावं म्हणून ओरडत असतो ना? तिनं ते करून दाखवलं आणि आपण तिची जर्सी घेतली.

मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलंय. भांडणाचं नाही. भेट मागितली आहे. नियम थांबवा, जादा तास सकाळी ठेवा, आणि सरावाची वेळ मोकळी सोडा, एवढंच म्हणणं आहे. मुलं कुठं अडलीत ते विषयशिक्षकांनी सांगावं, शिकवायला माणसं आम्ही आणतो, असंही लिहिलंय. ते लिहून बसलेय, म्हणून आता तुमच्याकडे येतेय.

सकाळी अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, ज्यांना येणं शक्य आहे त्यांनी खाली लिहा. गणित, इंग्रजी वाचन आणि विज्ञानाच्या मूळ कल्पना, ह्याची जास्त गरज आहे. शिकवण्याचा अनुभव नसला तरी चालेल, पण न चिडता तीच गोष्ट चौथ्यांदा सांगता यायला हवी. भेटीला जाताना हातात नावं असली तर बोलायला जोर येईल.