फॉरेनमध्ये म्हणे असलं काही नसतं

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जे काय झालं ते वाचून मी एस-बानमध्ये उभ्या उभ्या इतकी चिडले की माझं स्टेशन मागे गेलं. झालं असं की पुण्यातल्या माझ्या चुलतभावाने मुलीच्या शाळेचं एक पत्रक टाकलं. घरी मुलांना राक्षस, भूत, चेटकीण वगैरे असलेल्या गोष्टी सांगू नयेत, त्याने मुलांच्या मनावर परिणाम होतो, त्याऐवजी पॉझिटिव्ह गोष्टी सांगाव्यात, आजी-आजोबांनाही ही सूचना द्यावी. आजी-आजोबांनाही! काकूने लगेच विचारलं, मग रामायणातून रावण काढायचा का, आणि कृष्णाला पूतनेकडे न पाठवता पाळणाघरात ठेवायचा का. इथपर्यंत मजा होती. मग चुलतभावाने लिहिलं, "आपणच मागे आहोत, फॉरेनमध्ये असलं काही नसतं, तिकडे मुलांना पहिल्यापासून सायंटिफिक विचार शिकवतात. ताई, तू सांग ना यांना."

ताई म्हणजे मी. अकरा वर्षं म्युनिकमध्ये. ग्रुपवर कुठलाही वाद झाला, रस्ते, कचरा, फटाके, की मला साक्षीला बोलावतात, आणि खरं सांगायचं तर मी एरवी आनंदाने जाते. बाटल्यांचा पफांड, म्हणजे डिपॉझिट, कसा परत मिळतो यावर मी अख्खा परिच्छेद लिहिलेला आहे. पण यावेळी डोकंच फिरलं, कारण ज्या रविवारी मी पोराला घेऊन क्राम्पुस बघायला मारिएनप्लाट्झला, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, गेले होते त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे पत्रक आलं.

अरे बाबा, फॉरेनमध्ये असलं काही नसतं?

क्राम्पुस म्हणजे काय ते सांगते. बोकडाची शिंगं, बोकडा-मेंढ्यांची लांब केसांची कातडी, लाकूड कोरून केलेला मुखवटा, त्यात दात बाहेर आणि लाल जीभ हनुवटीच्या खाली, कमरेला गायीच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा आणि हातात बर्चच्या फोकांचा जुडगा. 6 डिसेंबर हा संत निकोलाउसचा दिवस, तो चांगल्या मुलांना सफरचंद आणि अक्रोड देतो, आणि त्याच्या जोडीला हा क्राम्पुस, जो वाईट मुलांना फटके मारतो आणि फारच वाईट असली तर पाठीवरच्या टोपलीत घालून घेऊन जातो. 5 तारखेची रात्र त्याची. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात ही मंडळी गावागावातून हिंडतात, काही ठिकाणी घरात शिरतात, आईबाप स्वतः आदल्या दिवशी चिठ्ठी देऊन ठेवतात की आमचा पोरगा दात घासत नाही. ऑस्ट्रियात काही गावांत तर क्राम्पुसच्या अंगावर नंबर लावतात, कोणी जास्तच फटके मारले तर तक्रार करता यावी म्हणून. भुताला नंबरप्लेट. इतकं सगळं व्यवस्थित, मिरवणुकीची वेळ ठरलेली, कडेला अडथळे लावलेले, बाजूला अ‍ॅम्ब्युलन्स, आणि मधे सैतान.

आणि हे शहरातल्या मधोमध, ज्या शहरात मी ज्यांच्याबरोबर काम करते ते लोक इंजिनांच्या सिम्युलेशनमध्ये चौथ्या दशांशावर भांडतात. त्यातला एक जण स्वतः क्राम्पुसच्या मंडळात आहे. मंडळ म्हणजे अक्षरशः मंडळ, वर्गणी, मीटिंग, ढोलपथकासारखी प्रॅक्टिस. त्याच्या मुखवट्याची किंमत ऐकून मी मनातल्या मनात नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंतचा घरखर्च मोजला.

बरं, ते सोडा. गोष्टींचं बघू. ग्रिम भावांच्या पुस्तकाचा पहिला भाग 1812 साली आला. त्यातली हिमगौरी आपण सात बुटक्यांमुळे लक्षात ठेवतो, पण त्यात राणी मुलीचं फुप्फुस आणि काळीज आणायला सांगते, आणि तेच समजून रानडुकराचं मिठात शिजवून खाते. आणि 1812 च्या पुस्तकात ती राणी सावत्र आई नाहीये, सख्खी आहे, सावत्र नंतरच्या आवृत्तीत केली. शेवटी तिला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचायला लावतात. हेन्सेल आणि ग्रेटेलची चेटकीण पोरांना खाणारी, आणि तिला भट्टीत ढकलते ती पोरगीच. आमच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, ख्रिसमसच्या आधी हे नाटक बसवलं होतं, माझा मुलगा भट्टी होता, लाल कार्डबोर्ड गुंडाळून. चेटकिणीला ढकललं तेव्हा सगळ्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिचं घर इथे दर नोव्हेंबरला सुपरमार्केटमध्ये लेबकुखनचं, म्हणजे मसालेदार बिस्किटाचं, किट म्हणून विकायला असतं.

अजून एक आहे, श्ट्रुवेलपेटर. फ्रँकफर्टच्या एका डॉक्टरने, हाइनरिश होफमान त्याचं नाव, 1844 च्या ख्रिसमसला आपल्या तीन वर्षांच्या मुलाला द्यायला चांगलं पुस्तक सापडेना म्हणून स्वतः लिहून काढलं आणि पुढच्या वर्षी ते छापलं गेलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी येऊन मोठ्या कात्रीने कापतो. चित्रासकट, रक्ताचे थेंब दाखवलेत. सूप न पिणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो आणि त्याच्या थडग्यावर सूपचं भांडं. काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते, मागे फक्त तिचे बूट आणि दोन रडणारी मांजरं. आणि हे लिहिणारा माणूस पुढे वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख होता, म्हणजे मनावर परिणाम बिरिणाम त्याला आपल्या शाळेच्या पत्रकापेक्षा जरा जास्त कळत असणार. आमच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये हे पुस्तक ठेवलेलं आहे, कोपरे चावलेलं.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चुलतभावाने अंगठा दाखवला. नुसता अंगठा. (शिंप्याची आठवण आली.)

आणि लहान मुलांचंच कशाला. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, ऐंशीच्या घरातल्या, आयुष्यभर नर्स होत्या, रविवारी मी मिक्सर लावला तर अजूनही त्यांची चिठ्ठी येते. पहिल्याच वर्षी ख्रिसमस आणि नववर्षाच्या मधे मी तळघरात चादरी वाळत घालत होते तर त्या आल्या, दाराशी उभं राहून म्हणाल्या, या रात्रींत पांढरे कपडे वाळत घालायचे नाहीत. मला वाटलं हाउसमाइस्टरचा, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याचा, नियम असेल. तर नाही. ख्रिसमसपासून 6 जानेवारीपर्यंतच्या त्या बारा रात्री, राउनेश्टे, त्या काळात आकाशातून शिकारी भुतांची टोळी जाते आणि दोरीवरच्या चादरीत अडकते, मग त्याच चादरीचं त्या वर्षात घरात कोणाचं तरी कफन होतं. त्यांनी हे पेपर रिसायकलिंगचा दिवस सांगावा तशा आवाजात सांगितलं. याच रात्रींत पेर्श्टा नावाची एक बाई घराघरातून फिरते, ज्यांनी सूत कातून संपवलं नाही त्यांचं पोट फाडून आत पेंढा भरते. आणि घरात धूप फिरवायचा असतो, त्याची पाकिटं ड्रोगेरीमध्ये, म्हणजे साबण-शांपूच्या दुकानात, टूथपेस्टच्या शेजारच्या रांगेत.

मी चादरी काढल्या. का काढल्या माहीत नाही. बहुतेक त्या आवाजामुळे. तिन्हीसांजेला केर काढू नको म्हणणारा आवाज जर्मनमध्ये पण तसाच असतो.

आता चुलतभावाची बाजू, कारण नाहीतर तो म्हणेल ताई एकांगी लिहिते. मी लिहितेच, पण तरी. आपल्याकडे भूत नुसतं गोष्टीत राहत नाही हे खरंय. हडळ म्हणजे कोण? बाळंतपणात मेलेली बाई, उलट्या पावलांची. म्हणजे जिला वेळेवर होडी मिळाली नाही, सुईण पोचली नाही, तीच मेल्यावर राक्षसीण. आणि जिवंत बाईला डाकीण ठरवून मारतात, अंगात आलंय म्हणून चटके देतात, त्याच्यासाठी कायदा करावा लागला, आणि तो कायदा मागणाऱ्या दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, मग वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. मी तेव्हा पुण्यातच नोकरीला होते. तर ते मला कोणी शिकवू नये. पण त्या कायद्यात भुताची गोष्ट सांगायला बंदी नाही रे, भुताच्या नावाने माणसाला मारायला आहे. आणि इथलं म्हणशील तर आमच्यापासून गाडीने दीडेक तासावर केम्प्टन आहे, तिथे 1775 साली एका बाईला चेटकीण म्हणून मृत्युदंड सुनावला होता. तो अमलात आला नाही, ती तुरुंगातच मेली. म्हणजे मोत्झार्ट एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. यांनी बायका जाळायचं थांबवलं, गोष्टी नाही थांबवल्या. मला एवढंच म्हणायचं होतं.

म्हणजे, एवढंच म्हणायचं होतं असं मला वाटत होतं.

त्या रविवारी मारिएनप्लाट्झला काय झालं ते ग्रुपवर नाही लिहिलं. पोरगा सहा वर्षांचा, माझ्या कोटात डोकं खुपसून उभा, मी एका हातात ग्लूवाइन, म्हणजे गरम मसाल्याची वाइन, आणि एका हातात त्याची टोपी. एक क्राम्पुस आमच्यासमोर आला, अडथळ्यावरून वाकला, घंटांचा आवाज इतका की छातीत वाजतो, आणि ओल्या बोकडाचा वास. पोरगा किंचाळला. तर तो क्राम्पुस गुडघ्यावर बसला आणि त्याने मुखवटा वर केला. आत विशीतला एक घामाघूम मुलगा, नाकावर पुटकुळी, हात पुढे करून म्हणाला, सेर्वुस. पोराने हात मिळवला. शिंगाला हात लावून पाहिला. परत येताना ट्रेनमध्ये त्याने विचारलं, "आई, तुझ्या मुंजाचा पण मास्क निघतो?"

मुंजा त्याला माझ्याकडून माहीत. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं घर, घराच्या खालच्या अंगाला विहीर आणि विहिरीवर पिंपळ. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आधी गेला असा कोणी मुलगा, तो पिंपळावर. आजी म्हणायची, "तिन्हीसांजेक पिंपळाखाल जाव नको गो, मुंजो बसलेलो आसा." आता कळतं की विहिरीला कठडा नव्हता आणि आम्ही सात पोरं होतो. पण तेव्हा तो मुंजा नुसता भीतीचा नव्हता. तो आमचा होता. शेजारच्या वाडीतली पोरं आमच्या कैऱ्या चोरायला यायची नाहीत ती त्याच्यामुळे. परीक्षेच्या आधी मी त्याला गोळ्या ठेवलेल्या आहेत. आणि आमच्याकडे भुतांचा राजाच देव, आरवलीचा वेतोबा, त्याला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात आणि त्या झिजतात, कारण रात्री तो गावाची राखण करत फिरतो. आजी मला त्या झिजलेल्या चपला दाखवायची. टाच बघ, म्हणायची.

पोराला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, नाही, त्याला मास्क नसतो. मग तो म्हणाला, मग तो आता कुठे असतो. मी म्हटलं, पिंपळावर.

हे खोटं आहे. पिंपळ नाहीये. दोन वर्षांपूर्वी ती जागा विकली. सातबारावर माझंही नाव होतं, त्यामुळे सही लागत होती, मी अर्धा दिवस सुट्टी काढून इथल्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून दिली, फोटो दोन, फॉर्म एक, तिथून थेट ऑफिसला, दोनची मीटिंग चुकली नाही. कोणी मला जबरदस्ती केली नव्हती. माझ्या वाट्याच्या पैशाचं इथल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर झालं. चांगलं झालंय, सोफ्ट-क्लोज ड्रॉवर आहेत. विकताना एकदाही मला मुंजा आठवला नाही, आणि आता मी चार हजार मैलांवरून गोष्टी वाचवायला निघालेय.

आठवला तो चुलतभावाला. हो, त्याच सायंटिफिक विचारवाल्याला. पिंपळ तोडायच्या दिवशी तो पुण्याहून गाडी काढून गेला, गावकराला बोलावलं, नारळ ठेवला, आणि मला व्हिडिओ कॉल लावला. म्हणाला, ताई, गाऱ्हाणं घालतायत, सगळ्या वाटेकऱ्यांनी हजर असावं लागतं. इथे सकाळचे सहा, मी अंधारात किचनमध्ये, तेव्हा जुन्या. स्क्रीनवर लाल माती, करवतवाला बाजूला विडी ओढत बसलेला, आणि काका टोपी घालून उभे. गावकर पिंपळाला सांगत होता की बारा-पाचाच्या देवा म्हाराजा, आजपर्यंत जी काय राखण केलीस ती केलीस, आता लेकरां जागो सोडतत, तूय तुझो जागो बदल, काय चुकलामाकला तर पोटात घाल. आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी, व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठा आवाज चुलतभावाचा, कारण फोन त्याच्याच हातात होता.

मग गावकर म्हणाला, "आनी जा चेडू परमुलखात आसा, तेचीपण राखण कर रे म्हाराजा."

मी म्हटलं, व्हय म्हाराजा. नेट स्लो होतं. तिकडे सगळ्यांचं म्हणून झालं, नारळ फुटला, करवतवाला उठला, आणि मग माझा आवाज पोचला, एकटाच.