काळी दोन

गेल्या आठवड्यात आमच्या मिरजेच्या व्हॉट्सॲप गटावर कोजागरीच्या सत्काराचा विषय निघाला. कुणीतरी माझ्या पेटीच्या गुरुजींचं नाव सुचवलं. लगेच उत्तर आलं: "ते हौशी आहेत हो. जन्मभर बँकेत नोकरी केली. सत्कार कलाकाराचा करायचाय ना?" खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

हौशी म्हणे! मी गटावर इथल्या, शिकागोच्या, जिमी यान्सी या पियानोवाल्याबद्दल लिहिलं. रोज रेड लाइनच्या लोकलनं कामावर जाताना पस्तिसाव्या रस्त्याला व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचं मैदान लागतं. जुनं कोमिस्की पार्क १९९१ साली पाडलं, तिथे आता पार्किंग आहे आणि फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या जागी तेवढी एक संगमरवरी खूण. त्या जुन्या मैदानाची निगा यान्सीनं १९२५ पासून पंचवीसेक वर्षं राखली. दिवसा गवत आणि माती, रात्री शहराच्या साउथ साइड भागातल्या घरांतला पियानो. भाड्याला पैसे कमी पडले की लोक घरीच पार्टी ठेवत, येणाऱ्यांकडून थोडे पैसे घेत, आणि वाजवायला पियानोवाला बोलावत. बूगी-वूगी ही पियानोची शैली वाढली ती अशा खोल्यांमधून. टॅक्सी चालवणारे मीड लक्स लुइस आणि अल्बर्ट अमन्स यान्सीचं ऐकून शिकले. लुइसनं १९३६ साली आपल्या एका रचनेला यान्सीचं नाव दिलं. ते दोघे न्यूयॉर्कमध्ये गाजले, तेव्हा कुठे १९३९ मध्ये यान्सीचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. १९४८ साली बायको एस्टेल गायली आणि यान्सीनं साथ केली, तीही न्यूयॉर्कच्या नामांकित कार्नेगी हॉलमध्ये. मैदानावरची नोकरी तेव्हाही चालू होती.

त्याला घाई नसते. इतरांचा डावा हात आगगाडीसारखा धावतो, याचा मध्येच दम घेतो, हबानेरा या क्युबन नाचाचा झोका देतो आणि मग पुढे सरकतो. आम्हा पेटीवाल्यांचा डावा हात भात्याला बांधलेला, त्यामुळे हेवाच वाटतो. आणि एक सवय: रचना कुठल्याही पट्टीत असो, शेवट ई फ्लॅटमध्ये. म्हणजे आपली काळी दोन.

"इकडे अशा माणसाला कुणी हौशी म्हणत नाही," मी लिहिलं, "१९८६ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं त्याला." यान्सी १९५१ मध्येच गेला होता, हे मात्र लिहिलं नाही. नुसत्या पियानोवर पोट भरेल इतकं शिकागोनं त्याला कधी दिलं नाही, हेही गाळलं. मला वादात हरायचं नव्हतं.

मग एका वर्गमित्राचं उत्तर आलं: "आणि तुझी पेटी काय म्हणते?"

गुरुजी सहाला बँकेतून येत, हातपाय धूत, चहा घेत आणि पेटी उघडत. अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई तशीच असे. त्याच हातानं यमन सुरू होई. नोकरी होती म्हणून त्यांना कुणाची मर्जी सांभाळावी लागली नाही, आणि एकही संध्याकाळ पेटीवाचून गेली नाही. मी इथे पेटी घेऊन आलो, हिटिंगच्या कोरड्या हवेत भात्याची घडी तडकली. मिरजेत गल्लीत नीट करून मिळाली असती. इथे नऊ वर्षं ती बेसमेंटमध्ये आहे, आणि विचारणाऱ्याला मी नोकरीचं कारण देत आलोय. गुरुजींना हौशी म्हटलेलं इतकं का झोंबलं, ते तेव्हा कळलं. माझ्याकडे तर तोही शब्द उरलेला नाही.

काल रात्री त्यांना फोन केला, तिकडे सकाळ होती. सत्काराचं कानावर गेलं असणारच, पण त्यावर अवाक्षर नाही. म्हणाले, "तो तुझा मैदानवाला ऐकव रे पुन्हा. डावा हात ऐकायचाय." मी फोन स्पीकरला लावून धरला. रेकॉर्ड संपत आली, आणि यान्सी ई फ्लॅटवर उतरायच्या आत तिकडून पेटीची काळी दोन वाजली.