मागचा मिळाला तर पुढचा नाही: हलक्या स्पोर्ट्स कारच्या टायरचा वैताग

हलक्या स्पोर्ट्स कारला चार चांगले टायर हवेत, एवढीच मागणी आहे. पण ती मागणी घेऊन बाजारात उतरलं की डोकं फिरतं.

पहिला संताप मापावरून. लोटस एलिस या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची दुसरी पिढी घ्या. पुढे १७५/५५ आर १६ (म्हणजे रुंदी १७५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), मागे २२५/४५ आर १७. मागचं माप असंख्य हॅचबॅकना लागतं, म्हणून ते ढिगाने मिळतं. पुढच्या मापात त्याच कंपनीचा, त्याच पॅटर्नचा (खाचांच्या नक्षीचा), त्याच कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर शोधून दाखवा! यादी उघडावी तर १७५च्या ओळीत तो पॅटर्नच नसतो. योकोहामा कंपनीने या गाडीसाठी निओव्हा एडी०७ बनवला होता, त्यावर 'एलटीएस' असा खास शिक्का. पुढचा आणि मागचा टायर जोडीने, या गाडीचं वजन धरून बेतलेला. असं काम आता कोण करतंय? एलिसचं उत्पादन २०२१मध्ये थांबलं. गाडी बनायची थांबली की तिच्यासाठी टायर बनवण्यात कोणालाच रस उरत नाही, आणि रस्त्यावर असलेल्या हजारो गाड्यांचे मालक वाऱ्यावर.

कॅटरहॅम या दुसऱ्या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांचं दुःख तर आणखी मोठं. १३ इंची रिमला रस्त्यावर चालणारा स्पोर्ट टायर म्हटलं की एव्हन कंपनीचं नाव पहिलं यायचं. गुडइयरने एव्हनचा इंग्लंडमधल्या मेल्कशमचा कारखाना २०२३च्या अखेरीस बंद केला. आता १८५/६० आर १३ मध्ये चांगलं काही शोधायला गेलं की समोर येतात ते बहुतेक ट्रॅकसाठीचे टायर. पावसात घरी परतायचं असेल त्याने काय करायचं?

मग सल्लागार पुढे येतात. 'एलिसच्या पुढे १९५/५० आर १६ टाका, प्रश्न मिटला.' मिटला कसा? व्यास पाहिला तर ५९९ मिमीच्या जागी ६०१ मिमी, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएसला फारसा फरक पडत नाही. साडेपाच इंची रिमवर १९५ बसतोही. अडचण वेगळीच आहे. एलिसचं सुमारे ६२ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. पुढचा टायर अरुंद ठेवलाय तो मुद्दाम, म्हणजे मर्यादा ओलांडली तर आधी पुढचं टोक सरकावं आणि चालवणाऱ्याला सूचना मिळावी. पुढची पकड वाढवली आणि मागची तशीच ठेवली, की वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचं टोक सुटतं. एलिसच्याच भावंडाला, एक्सीजला, पुढे १९५ होता हे खरं, पण त्या गाडीचं सस्पेन्शन आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) त्या हिशोबानं होतं. १९५ घालायचाच असेल तर अलाइनमेंट नव्याने करा, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती ठेवून करा. नुसता टायर बदलून मोकळं होऊ नका.

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५चं गणित त्या मानाने सरळ आहे. मूळ १८५/६० आर १४चा व्यास सुमारे ५७८ मिमी, आणि १५ इंची रिमवर १९५/५०चा ५७६ मिमी. म्हणजे गिअरिंग (इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते) आणि उंची जवळजवळ जशीच्या तशी. २०५/५० आर १५ घेतला तर व्यास ५८६ मिमी होतो, गाडी ४ मिमी वर जाते, गिअरिंग दीड टक्का लांब होतं. तरी दुकानात 'रुंद घ्या साहेब, ग्रिप वाढते' हे पालुपद चालूच.

आता वजनाकडे या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ड्रायव्हर धरून ९४० किलोच्या मिड-इंजिन (सीटमागे, मागच्या चाकांच्या पुढे इंजिन असलेल्या) गाडीत पुढच्या एका चाकावर साधारण १८० किलो येतात, मागच्या एकावर २९०. आणि २२५/४५ आर १७ वर लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) ९१ छापलेला असतो, म्हणजे ६१५ किलो! एक्सएल, म्हणजे जादा भाराचा टायर, घेतला तर ९४, म्हणजे ६७० किलो. ही बढती मिळते ती जास्त हवा भरल्यावर. साधा टायर आपला पूर्ण भार हवेच्या २.५ बार दाबाला पेलतो, एक्सएल २.९ बारला. हलक्या गाडीत तेवढी हवा कोणी भरणारच नाही, म्हणजे त्या जादा ताकदीचा उपयोग शून्य. पदरात पडतं ते फक्त जाड केसिंग (आतला सांगाडा), ताठ साइडवॉल (टायरची बाजू) आणि वाढलेलं वजन. हलक्या गाडीला एक्सएल टायर म्हणजे पोराच्या पायात बापाचे बूट. सस्पेन्शनखालचं वजन दर चाकाला १ किलो वाढलं तर दीड टनाच्या गाडीला कळतही नाही, ९०० किलोच्या गाडीला प्रत्येक खड्ड्यात कळतं. तरी टायरचं वजन यादीत छापायला कंपन्यांना काय होतं? बहुतेक जण छापत नाहीत. ग्राहकाने टायर हातात घेऊन काट्यावर ठेवायचा का?

याच्याही पुढची गोष्ट उष्णतेची, आणि ती कोणी नीट सांगत नाही. रबर पकड देतं ते ठरावीक तापमानात. टायर तापतो तो वाकण्यातून आणि घसरण्यातून, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा वजनातून येते. १,६०० किलोच्या गाडीखाली छान चिकटणारा टायर ८०० किलोच्या गाडीखाली थंडच राहतो. म्हणून जास्त किलोमीटर चालणारं कडक कंपाउंड हलक्या गाडीत लाकडासारखं वागतं. टायर झिजायच्या आधी वयाने म्हातारा होतो आणि आयुष्यभर पकड देत नाही. हलक्या गाडीला मऊ कंपाउंड परवडतं, कारण ती ते हळू झिजवते. एवढा साधा मुद्दा दुकानातला माणूस ऐकून घेत नाही, 'हा ६० हजार चालेल' यावरच अडून बसतो.

आणि याचं दुसरं टोक म्हणजे सेमी-स्लिकवाले, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत ट्रॅक टायरचे भक्त. टोयो आर८८८आर, नानकांग एआर-१ ही नावं फेकायची आणि निघून जायचं. एआर-१चा ट्रेडवेअर आकडा (जितका लहान तितका टायर लवकर झिजणारा) ८०, आर८८८आरचा १००. कोरड्या ट्रॅकवर, तापल्यावर उत्तम, वादच नाही. पण सकाळी थंड रस्त्यावर पहिल्याच वळणाला त्या टायरचा भरवसा धरता येत नाही, आणि साचलेल्या पाण्यात तर मुळीच नाही. खाचा कमी, त्यात हलकी गाडी आणि कमी हवा. पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळानुसार बदलतो. विमानांच्या टायरवरून आलेलं जुनं सूत्र धरलं तर ३२ पीएसआय दाबाला सुमारे ९४ किमी आणि २४ पीएसआयला सुमारे ८२ किमी प्रतितास. खोल खाचांचा चांगला टायर हा वेग पुढे ढकलतो, जवळजवळ गुळगुळीत टायर ढकलत नाही. हलक्या गाडीला पावसात अरुंद आणि खोल खाचांचा टायर लागतो. खाचांच्या खोलीची कायद्याची १.६ मिमीची मर्यादा इथे विसरा, ३ मिमीला टायर बदला.

ट्रेडवेअर आकड्याचाही नाद सोडा. तो आकडा कंपनी स्वतःच्या टायरला स्वतः देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. अनेक क्लब स्पर्धांच्या नियमात किमान २०० लागतो, म्हणून अतिशय मऊ टायरवरही २०० छापलेलं सापडतं. योकोहामा ए०५२ वर २०० आहे. युरोपच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगची श्रेणी असते, पण कोरडी पकड, स्टिअरिंगमधून येणारी जाणीव, पाण्यावर तरंगणं यांतलं काहीच नसतं. मासिकांच्या चाचण्या बहुधा फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅकवर होतात. तिथे पहिला आलेला टायर आपल्या गाडीत पहिला येईल याची काडीचीही खात्री नाही.

मिश्र टायर मात्र कधीही नको. पुढे मऊ, मागे कडक असं घातलं की थंडीत आणि पावसात गाडी फिरते. मागच्या मापात हवा तो टायर मिळतो आणि पुढच्यात नाही, तेव्हा हा मोह सगळ्यात जास्त होतो. आधी पुढचं माप कोणत्या मॉडेलमध्ये मिळतं ते पाहा, मग त्याच मॉडेलचा मागचा शोधा. उलट क्रमाने गेलात तर अडकाल.

टायर आले की साइडवॉलवरचा चार अंकी डीओटी आकडा, म्हणजे टायर कधी बनला ते, बघा. २३२२ म्हणजे २०२२चा २३वा आठवडा. न खपणाऱ्या मापात जुना माल गोदामात पडून असतो, आणि तोच 'शेवटचे दोन राहिलेत' म्हणून पूर्ण किमतीला गळ्यात मारतात. पुढचे आणि मागचे एकाच सुमाराचे नसतील तर परत करा, भिडस्तपणा करू नका.

आणि शेवटी तो हवेचा पाइप! दुकानात प्रत्येक गाडीला ३५ पीएसआय. पुढच्या चाकावर १८० किलो असताना ३५ भरले तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला फक्त मधला पट्टा टेकतो, ब्रेक दाबला की चाक लॉक होतं, आणि दोष जातो टायरला. गाडीच्या पुस्तकातला आकडा थंड टायरमध्ये भरा. साइडवॉलच्या कडेपासून ट्रेडपर्यंत (रस्त्याला टेकणाऱ्या भागापर्यंत) खडूच्या आडव्या रेघा मारा, पंधरावीस मिनिटं वळणांच्या रस्त्यावर चालवा. खडू खांद्यावरच्या त्रिकोणी खुणेपर्यंत पुसला गेला तर दाब बरोबर. त्याच्या आतच थांबला तर १ पीएसआय कमी करा, पलीकडे गेला तर १ वाढवा. पण हे करा नवे टायर शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर, साच्यातलं तेलकट आवरण उतरल्यावर. आणि दुकानातून निघताना गेज स्वतःच्या हातात घ्या, कारण तिथे 'पुस्तकाप्रमाणे भरलेत' म्हणून सांगितलेले टायर मोजले की पुन्हा ३५च निघतात.