‘ग्रिड तोडा, पुणे वाचवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं सार असं: सगळा देश एका ग्रिडला, म्हणजे वीजकेंद्रं आणि शहरं जोडणाऱ्या तारांच्या एकाच जाळ्याला, बांधून आपण शत्रूच्या हाती एकच बटण दिलं, 2012 चा अंधार हा त्याचा पुरावा, पुण्याने 2006 मध्ये स्वतःची वीज स्वतः करून भारनियमन घालवलं होतं, आता छपरावरच्या सोलरवर तेच करावं, शिवाय मनोऱ्यांच्या तारांत निम्मी वीज गळते, तीही वाचेल. मेसेजमागची काळजी खरी आहे. उपाय मात्र आपल्याला आणखी उघडं पाडणारा आहे.

2012 पासूनच सुरुवात करू, कारण मेसेजचा सगळा भार त्यावर आहे. 30 जुलैला पहाटे उत्तरेचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. सुमारे 60 कोटी लोक राहतात त्या पट्ट्यातली वीज गेली. सुरुवात झाली ती बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी ट्रिप झाल्याने, म्हणजे आपोआप बंद पडल्याने. पण त्या दोन्ही दिवशी पुण्यातले दिवे चालू होते. पश्चिमेचं ग्रिड बिघडलेल्या भागापासून सुटं झालं आणि टिकलं. म्हणजे ‘एक ग्रिड’ म्हणजे सगळे एकाच दोरीला लटकलेले, असं नसतं. गरज पडली की कुठे तुटायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आणि उत्तरेचं ग्रिड पुन्हा उठलं कसं, हे मेसेजमध्ये नाही. औष्णिक केंद्र पूर्ण बंद पडलं की आपल्या आपण सुरू होत नाही. बॉयलरचे पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या गिरण्या फिरवायला आधी बाहेरून वीज लागते. ती शेजारच्या ग्रिडांनी दिली. शेजार तोडला असता तर अंधार लांबला असता. म्हणूनच त्यानंतर देशाने जोडण्या वाढवल्या. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि तोवर वेगळ्या तालावर चालणारं दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. ती जोडणी आपल्या सोलापुरात येऊन मिळते, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असावं असं वाटत नाही.

‘सुटं राहणं म्हणजे सुरक्षित राहणं’ हा प्रयोग इतरांनी करून झाला आहे. अमेरिकेत टेक्सासचं ग्रिड जवळजवळ स्वतंत्र आहे. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत तिथली वीजकेंद्रं आणि गॅसपुरवठा गोठला, शेजाऱ्यांकडून पुरेशी वीज आणायला तारा नव्हत्या, आणि 200 हून अधिक माणसं दगावली. त्याच राज्यातलं एल पासो शहर पश्चिम अमेरिकेच्या ग्रिडला जोडलेलं आहे. त्याचं बरंच कमी नुकसान झालं. युक्रेनचं उदाहरण तर थेट युद्धातलं. रशियाने हल्ला केला त्या 24 फेब्रुवारी 2022 लाच युक्रेनचं ग्रिड चाचणीसाठी सुटं चालवलं जात होतं. तीन आठवड्यांत, 16 मार्चला, ते युरोपच्या ग्रिडला जोडलं गेलं. बॉम्ब पडत असताना त्या देशाने सुटं राहायचं नाही, असं ठरवलं.

आता ‘बटण’. सायबर हल्ल्याचा धोका आहेच, तो हसण्यावारी नेऊ नये. पण डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनमध्ये हॅकरांनी वीज घालवली ती वितरण कंपन्यांत शिरून. उपकेंद्रांतले ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारे-जोडणारे मोठे स्विच, दुरून पाडले, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन ते हाताने पुन्हा जोडले आणि काही तासांत वीज आली. ग्रिडचे तुकडे केल्याने ही दारं कमी होत नाहीत. प्रत्येक तुकड्याला स्वतःची नियंत्रण यंत्रणा लागते, म्हणजे दारं वाढतात. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्य सरकारने सायबर घातपाताचा संशय घेतला होता, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कारण काहीही धरा, मुंबईला सुटं करून जिवंत ठेवण्याची व्यवस्था त्या दिवशी चालली नाही, आणि त्यावरच खरी चर्चा व्हायला हवी.

सोलरबद्दल मी विरोधात नाही, उलट ज्यांना छप्पर आहे त्यांनी जरूर बसवावं. पण नेट मीटरवाला (जादा वीज ग्रिडला देणाऱ्या जोडणीचा) साधा इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की स्वतःही बंद होतो, भर उन्हात. तो मुद्दाम तसा केलेला असतो. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरची वीज मारेल. बॅटरी आणि ग्रिड नसतानाही बॅटरीवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तर दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप काही तास चालतील. चाकणचे कारखाने, रुग्णालयं आणि जुलै-ऑगस्टमधलं आठवडाभराचं ढगाळ आभाळ हे गणित मात्र गच्चीवर सुटत नाही.

2006 चा दाखला तर मेसेजच्याच विरोधात जातो. तेव्हा इथल्या कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून ग्रिडवरून घ्यायची वीज कमी केली. ती उरलेली वीज त्याच ग्रिडच्या तारांतून शहराला मिळाली आणि महागड्या निर्मितीचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलात आला. पुणे ग्रिडबाहेर पडलं नव्हतं.

गळती निम्मी वगैरे काही नाही. मनोऱ्यांवरच्या अतिउच्चदाब वाहिन्यांत साधारण 3 ते 4 टक्के वीज जाते. मोठे आकडे सांगितले जातात ते वितरणातले, आणि त्यात चोरी व थकलेली बिलंही धरलेली असतात.

पुण्याची दुखरी जागा वेगळीच आहे. 9 फेब्रुवारी 2022 ला पहाटे धुकं आणि दवामुळे लोणीकंद-तळेगाव भागातल्या 400 केव्ही वाहिन्या ट्रिप झाल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकणचा मोठा भाग अंधारात गेला. देशात विजेचा तुटवडा नव्हता. शहरात शिरणारा रस्ता बंद पडला होता. त्यावर उपाय म्हणजे वेगळ्या दिशांनी येणाऱ्या आणखी वाहिन्या, दव-धुळीत तग धरणारे इन्सुलेटर आणि त्यांची वेळेवर धुलाई. गल्लीत उतरलात तर जेसीबीने तोडलेल्या केबल आणि झाकण नसलेले फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजजोडणीच्या पेट्या, दिसतात. तुमच्या उपकेंद्राला दुसऱ्या बाजूने वीज घेता येते का, आणि ती व्यवस्था शेवटची कधी तपासली, हा प्रश्न ग्रुपवर फिरवा. त्याचं उत्तर देणं कुणाला तरी भाग पडेल.