म्हातारे गेले की वर्णद्वेष संपतो? थोडं थांबा

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की अमेरिकेत १९६७ ला सुप्रीम कोर्टाने गोरे-काळे लग्नावरची बंदी उठवली कारण तेव्हा लोकं तयार झाली होती, आणि उरलेले विरोधक म्हणजे फक्त जुनी पिढी, ती गेली की विषय संपला. दोन्ही चूक.

लोकं अजिबात तयार नव्हती ओ. गॅलप या अमेरिकेतल्या सर्व्हे कंपनीच्या आकड्यांत १९५८ ला अशा लग्नाला फक्त ४ टक्के पाठिंबा होता, कोर्टाच्या निकालानंतर १९६८ लाही जेमतेम २०. अलाबामा या तिथल्या एका राज्याच्या घटनेत तर ती बंदी (कागदावर का होईना) २००० पर्यंत होती, आणि काढायच्या मतदानात सुमारे ४० टक्के लोकांनी राहू द्या म्हणून मत दिलं!

आता म्हाताऱ्यांचं. २०२१ मध्ये एकूण पाठिंबा ९४ टक्के, तरुणांत ९८ आणि पन्नाशीपुढच्यांत ९१, म्हणजे फरक फार नाहीच. आणि हे पन्नाशीपुढचे १९९१ ला विशी ओलांडलेलेच होते, तेव्हा देशाचा आकडा ४८ होता, म्हणजे नुसते जुने गेले म्हणून नाही तर जिवंत माणसांनीही मतं बदललीत. आता सर्व्हेवाल्याला हो म्हणणं वेगळं आणि स्वतःच्या पोरीचं लग्न वेगळं, ते आपल्याला काय नवीन नाही.